बॅकअप, स्वयंचलित

बॅकअप, स्वयंचलित : संगणकात साठविलेल्या फायलींची दुसरी प्रत, वापरणाऱ्याने दरवेळी आठवण ठेवून न काढता, ठरवून दिलेल्या वेळी किंवा फायलीत बदल होताच संगणकाने आपण होऊन काढणे व ती वेगळ्या साधनावर जतन करणे, या व्यवस्थेस स्वयंचलित बॅकअप म्हणतात. ‘सुरक्षा-प्रत’ हा मराठी पर्याय काही ठिकाणी योजला जातो. तथापि दुकानदार, हिशेबनीस, मुद्रक व कार्यालयीन कर्मचारी या सर्वांच्या तोंडी ‘बॅकअप’ हाच शब्द रूढ असल्याने प्रस्तुत नोंदीत तोच वापरला आहे. मूळ फाइल पुसली गेली, बिघडली, चोरीस गेली अथवा ती ज्या साधनावर होती ते साधनच नष्ट झाले, तर या प्रतीवरून ती पुन्हा मिळविता येते. प्रत काढणे हे साधन असून फाइल परत मिळणे हे साध्य होय. हा भेद पुष्कळदा विसरला जातो व त्यातूनच पुढे वर्णिलेल्या बहुतेक अडचणी उद्भवतात.

फाइल नाहीशी होणे म्हणजे काय : संगणकाच्या चुंबकीय तबकडीवर (हार्ड डिस्कवर) फायलीचा मजकूर व त्या मजकुराचा पत्ता सांगणारी नोंद या दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. फाइल पुसण्याची आज्ञा दिली असता सामान्यतः फक्त नोंद रद्द होते; मजकूर जागेवरच राहतो व ती जागा ‘रिकामी’ समजली जाऊन तीवर यथावकाश नवा मजकूर लिहिला जातो. ग्रंथालयातील तालिकापत्र फाडले, पण पुस्तक फडताळातच राहिले, अशी ही स्थिती असते. यामुळे चुंबकीय तबकडीवरील पुसलेली फाइल विशेष आज्ञावलीच्या साहाय्याने काही वेळा परत मिळते. मात्र अलीकडच्या घन-अवस्था साधनांत (एसएसडीत) पुसलेली जागा पुढील लेखनासाठी लवकर मोकळी करण्याची योजना असते आणि त्यामुळे पुसलेला मजकूर थोड्याच वेळात कायमचा जातो. ‘पुसलेले परत काढून देणारे’ तंत्रज्ञ मिळतात, या भरवशावर राहणे पूर्वीपेक्षा आज अधिक धोक्याचे झाले आहे, ते यामुळेच.

तबकडीच यांत्रिक बिघाडाने बंद पडली, तर प्रयोगशाळेत ती उघडून मजकूर काढणे शक्य असते; पण हे काम खर्चिक, वेळखाऊ व अनिश्चित फळाचे आहे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या तबकडीची स्थिती आणखी बिकट असते. सर्वसाधारण तबकडीच्या आवरणास हवेचा दाब समान राखण्यासाठी एक सूक्ष्म छिद्र असते. त्यातून पाणी व त्याबरोबर गाळ आत जातो. अशा तबकडीस वीजप्रवाह लावून पाहण्याचा मोह आवरणे हाच पहिला उपाय होय.

पूर्वेतिहास : मोठ्या संगणकांच्या काळात माहितीची प्रत चुंबकीय फितीवर काढीत. आयबीएम कंपनीने फितीवर माहिती साठविणारे यंत्र १९५२ मध्ये, तर चुंबकीय तबकडीचे यंत्र १९५६ मध्ये व्यवहारात आणले. तबकडी महाग व फीत स्वस्त असल्याने दिवसाचे काम तबकडीवर करावे आणि रात्री ते फितीवर उतरवावे, असा प्रघात पडला. फितींची आलटून-पालटून योजना करण्याच्या एका पद्धतीस ‘आजोबा-वडील-मुलगा’ असे नाव मिळाले : रोजची फीत हा मुलगा, आठवड्याची वडील व महिन्याची आजोबा. मुलाच्या फितीवर पुढील आठवड्यात नवी माहिती लिहिली जाते, आजोबांची फीत मात्र दीर्घकाळ राखून ठेवतात. आजच्या आज्ञावलींतही हेच तत्त्व आढळते. उदा., ॲपल कंपनीने २००७ मध्ये आणलेली ‘टाइम मशीन’ ही योजना मागील २४ तासांसाठी दर तासाची, मागील महिन्यासाठी दर दिवसाची व त्यापूर्वीच्या काळासाठी दर आठवड्याची प्रत, साधनावर जागा असेपर्यंत राखते. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज-८ पासून ‘फाइल हिस्टरी’ ही तशाच स्वरूपाची सोय दिली. फिती आजही कालबाह्य झालेल्या नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सदोष आज्ञावलीमुळे जीमेलच्या काही ग्राहकांची पत्रे दिसेनाशी झाली, तेव्हा गूगल कंपनीने ती अखेर फितींवरून परत आणली. कारण तबकड्यांवरील सर्व प्रतींवर तो दोष पोहोचला होता, विलग ठेवलेल्या फितींवर नव्हे.

प्रकार : सर्व फायलींची प्रत एकदम काढल्यास तिला पूर्ण बॅकअप म्हणतात. लगतच्या आधीच्या प्रतीनंतर बदललेल्याच फायली घेतल्यास तो वाढीव बॅकअप, आणि शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या सर्व फायली दरवेळी घेतल्यास तो भेददर्शक बॅकअप होय. वाढीव प्रकारात रोजचे काम थोडे, पण माहिती परत मिळविताना पूर्ण प्रत व तिच्यानंतरच्या सर्व वाढीव प्रती क्रमाने जोडाव्या लागतात. साखळीतील एक कडी निकामी झाली, तर पुढच्या कड्या निरुपयोगी ठरतात. भेददर्शक प्रकारात जागा अधिक लागते, परंतु दोनच प्रतींवर काम भागते.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. एखाद्या कार्यालयात २०० गिगाबाइट माहिती असून तीपैकी रोज २ गिगाबाइट बदलते असे धरल्यास, सेकंदास १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून पूर्ण प्रत दूरच्या संगणकाकडे पाठविण्यास सु. ४४ तास लागतील, वाढीव प्रतीस मात्र अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ पुरेल. फायलीचा केवळ बदललेला भागच पाठविण्याचे ‘आरसिंक’ हे तंत्र अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये मांडले आणि त्यानंतर दूरस्थ बॅकअप सामान्य कार्यालयांच्याही आवाक्यात आला.

स्वयंचलन का हवे : हाताने प्रत काढणे अवघड नाही, ते नियमाने होत नाही, एवढेच. कामाची गर्दी असते त्या दिवशी बॅकअप राहून जातो आणि नेमकी त्याच दिवशीची माहिती सर्वांत मोलाची असते. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवसांत हिशेबनिसाच्या कार्यालयाची अवस्था पाहिली, म्हणजे हे वेगळे सांगावयास नको. शिवाय मनुष्य ज्या फायली महत्त्वाच्या वाटतात त्यांचीच प्रत काढतो. पटलावर (डेस्कटॉपवर) तात्पुरती म्हणून ठेवलेली व तेथेच वर्षभर राहिलेली फाइल सुटते. यंत्राला असा पक्षपात नसतो. मात्र यंत्राला कोणता कप्पा घ्यावयाचा, हे सुरुवातीस माणसानेच सांगावे लागते आणि तेथे झालेली चूक यंत्र रोज निष्ठेने पुन्हा करीत राहते.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसर : ठाणे जिल्ह्यातील ही तीन शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर ओळीने वसलेली आहेत. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. तयार कपडे (विशेषतः जीन्स), लाकडी सामान व विद्युत् उपकरणे यांचे लहान कारखाने व पेढ्या, हे या शहराचे वैशिष्ट्य. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक क्षेत्रे असून त्यांत रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने आहेत. मोठ्या उद्योगांचे संगणक सांभाळणारा स्वतंत्र विभाग असतो. येथील बहुसंख्य व्यवहार मात्र एक-दोन संगणक असलेल्या पेढ्यांतून चालतो. हिशेबाची आज्ञावली, कपड्याच्या कापणीचे आराखडे, छायाचित्रकाराकडील लग्नांची चित्रणे, तपासणी-केंद्रातील रुग्णांचे अहवाल हे सर्व एकाच तबकडीवर असते. स्वयंचलित बॅकअपची खरी गरज अशा ठिकाणी आहे, आणि त्याचा अभावही तेथेच अधिक आढळतो.

या परिसराची भौगोलिक स्थिती बॅकअपच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. उल्हास नदी बदलापूरजवळून वाहत कल्याणकडे जाते. वालधुनी ही लहान नदी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरालगत वाहत उल्हासनगरमधून कल्याणकडे येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, त्या अतिवृष्टीत कल्याण, उल्हासनगर व बदलापूर येथील सखल भाग पाण्याखाली गेले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सु. १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. उल्हासनगरातील पेढीची प्रत मालकाच्या बदलापूर येथील तळमजल्यावरील घरी ठेवली, तर ती ‘दुसऱ्या गावी’ आहे असे वाटते. पण दोन्ही स्थानकांमधील अंतर सु. १० किमी. असून दोन्ही ठिकाणे एकाच नदीच्या खोऱ्यात, एकाच पावसाखाली येतात. प्रत दूर आहे की नाही, हे किलोमीटरांवरून ठरत नाही. एकाच संकटात दोन्ही जागा सापडू शकतात काय, यावरून ठरते. पूर हा धोका असेल तर त्याच गावातील चौथ्या मजल्यावरचे कपाटही तळमजल्यावरच्या परगावाहून बरे. स्फोट व आग यांचा धोका धरल्यास मात्र तेच कपाट अपुरे पडते. डोंबिवली औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत आसपासच्या अनेक इमारतींची हानी झाली, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

विजेचा प्रश्न याहून नित्याचा आहे. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली, तर ती अर्धवट राहते व कधीकधी संपूर्ण हिशेब उघडेनासा होतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वीजवाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई-ठाणे परिसराचा पुरवठा खंडित झाला होता. असे प्रसंग विरळा असले, तरी देखभालीसाठी वीज बंद ठेवणे हे नेहमीचेच आहे. येथील औद्योगिक क्षेत्रांत साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते व देखभालीची कामेही बहुधा त्याच दिवशी काढली जातात. त्यामुळे शनिवार-रविवारची सुटी गृहीत धरून आखलेले वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालत नाही. आठवड्याचा पूर्ण बॅकअप गुरुवारी रात्री सुरू करून शुक्रवारी संपविण्याची योजना केल्यास तो मध्येच तुटण्याचा संभव असतो. हुकलेले काम वीज येताच आपोआप पुन्हा हाती घेणारी आज्ञावली निवडणे व संगणकास अखंडित वीजपुरवठ्याचे साधन (यूपीएस) जोडणे, हे दोन्ही यासाठी आवश्यक ठरते.

प्रतींची संख्या व जागा : किती प्रती ठेवाव्यात, यासंबंधी ‘३-२-१’ हा नियम प्रसिद्ध आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात व एक प्रत अन्य स्थळी असावी, असे हा नियम सांगतो. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला. नियम तयार झाला तो छायाचित्रकाराच्या गरजेतून, हे ध्यानात घेतल्यास लहान पेढीसही तो जड का नाही, ते कळते : एक प्रत कामाच्या संगणकात, दुसरी बाहेरून जोडावयाच्या तबकडीवर व तिसरी आंतरजालावरून दूरच्या संगणकात (क्लाउडवर) ठेवली की नियम पाळला जातो. दुसरी तबकडी मात्र काम संपताच काढून ठेवली पाहिजे.

याचे कारण पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक संगणकीय विषाणू जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीचे संगणक त्यात निकामी झाले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या धक्क्याचेही काम ठप्प झाले. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितल्याप्रमाणे सु. ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. कंपनीच्या जाळ्यातील संगणकांची ओळख सांभाळणारे सु. १५० सर्व्हर एकमेकांच्या प्रती राखीत असत; एक गेला तर बाकीचे आहेतच, असा त्यामागील हिशेब होता. सर्व एकमेकांशी जोडलेले असल्याने सर्वच एकदम पुसले गेले. घाना देशातील एक सर्व्हर तेवढा वाचला, कारण विषाणू पसरला त्या वेळी तेथील वीज गेली होती व तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून पुढील उभारणी झाली.

यावरून समकालन (सिंक) व बॅकअप यांतील भेद ध्यानी येतो. समकालनात एका ठिकाणी झालेला बदल ताबडतोब सर्व ठिकाणी उमटतो. त्यात पुसणे व बिघडणे हेही आले. भ्रमणध्वनीतील छायाचित्रे क्लाउडवर ‘जातात’ म्हणून ती तेथे सुरक्षित आहेत, असे अनेकांस वाटते. परंतु भ्रमणध्वनीतून पुसलेले छायाचित्र काही सेवांत तेथूनही पुसले जाते. एकाहून अधिक तबकड्यांवर तोच मजकूर एकाच वेळी लिहिणाऱ्या रचनेसही (रेड) हेच लागू आहे. ती तबकडीच्या बिघाडापासून वाचविते, वापरणाऱ्याच्या चुकीपासून नव्हे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या विषाणूंविरुद्ध तर जुन्या आवृत्त्या राखणारा व जाळ्यापासून विलग असलेला बॅकअप हाच भरवशाचा उपाय आहे. खंडणी देऊनही फायली परत मिळतीलच, याची शाश्वती नसते.

पुनःप्राप्तीची चाचणी : बॅकअप चालू असणे व त्यावरून फाइल परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९८ मध्ये पिक्सार या अमेरिकन चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. संस्थेचा बॅकअप बऱ्याच दिवसांपासून नीट चालत नव्हता, हे तेव्हा उघडकीस आले. तंत्रदिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांच्या घरी कामासाठी ठेवलेल्या संगणकात प्रत होती, तिच्यावरून चित्रपटाचा मोठा भाग परत मिळाला. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतही असेच घडले : बॅकअपच्या अनेक योजना असूनही ऐन वेळी त्या अपुऱ्या ठरल्या आणि सु. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेल्या प्रतीवर भागवावे लागले. म्हणून महिन्यातून एकदा तरी एखादी फाइल प्रतीवरून परत आणून, उघडून व वाचून पाहावी. आज्ञावलीने दाखविलेली ‘यशस्वी’ ही खूण पुरेशी मानू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मराठी मजकुराच्या बाबतीत चाचणीस आणखी एक कारण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या आज्ञावलींच्या स्वतंत्र टंकांत होत असे व कित्येक मुद्रणालयांत ती अजूनही होते. या टंकांत अक्षरांचे सांकेतांक सर्वमान्य नसल्याने, फाइल सुखरूप परत मिळूनही तो टंक नव्या संगणकात नसेल, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हे दिसतात. अशा फायलींबरोबर टंक व शक्य तर ती आज्ञावलीही जपून ठेवावी लागते. तीच गोष्ट जुन्या हिशेबी आज्ञावलींची. बॅकअपला सांकेतिक कुलूप घातले असेल तर परवलीचा शब्द त्याच संगणकात लिहून ठेवणे व्यर्थ होय.

किती जुनी प्रत चालेल आणि काम पुन्हा सुरू होण्यास किती वेळ चालेल, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून बॅकअपची वारंवारता ठरवितात. किराणा दुकानात एका दिवसाची बिले कागदावरून पुन्हा भरता येतात; तेथे रात्रीचा बॅकअप पुरे. दिवसभर आराखडे काढणाऱ्याकडे मात्र कागद नसतो व त्यास तासातासाची प्रत हवी. दोन बॅकअपच्या मधल्या काळात निर्माण होऊन त्याच काळात नष्ट झालेली फाइल कोणत्याही बॅकअपने मिळत नाही. ही मर्यादा काळ कमी करून लहान करता येते, नाहीशी करता येत नाही. फाइल हळूहळू बिघडत असेल व ते उशिरा लक्षात आले, तर अलीकडच्या साऱ्या प्रती बिघडलेल्याच निघतात. आजोबांची फीत येथे कामास येते.

कागद व कायदा : प्रत राखण्याची कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. अंबरनाथच्या मंदिराची आरेखने, छायाचित्रे व शिल्पांचे साचे सरकारने १८६८ च्या सुमारास करवून घेतले, तो एक प्रकारचा बॅकअपच होता. कागदी फायलींची मात्र आपोआप प्रत निघत नाही. मुंबईतील मंत्रालयास २१ जून २०१२ रोजी आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांवर पसरून जीवितहानी झाली व असंख्य फायली जळाल्या. अशा फायलींची पुनर्रचना अन्य कार्यालयांत विखुरलेल्या प्रतींवरूनच करावी लागते, आणि त्या प्रती तेथे असतातच असे नाही.

संगणकीय नोंदींबाबत कायद्याने आता स्पष्ट अपेक्षा ठेवली आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपले हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय दिनांकापासून ७२ महिने राखावयाचे असतात. नोंदी संगणकावर ठेवल्यास अपघाताने वा नैसर्गिक कारणाने त्या नष्ट झाल्या तरी वाजवी मुदतीत पूर्ववत करता येतील अशा रीतीने त्यांचा बॅकअप ठेवणे, हेही संबंधित नियमांनी बंधनकारक केले आहे. कंपन्यांच्या बाबतीत ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवणे आवश्यक झाले. त्यापूर्वी तो ठरावीक कालांतराने ठेवला तरी चालत असे. ‘पुरात संगणक गेला’ ही सबब खरी असली, तरी केवळ तेवढ्यावर व्यापाऱ्याची ही जबाबदारी संपत नाही.